मिठाच्या पाण्याचे बारा उंदीर

आठ महिने राबून मी जे सिद्ध केलं ते असं: उंदराला मिठाचं पाणी टोचलं की तो खूश होतो.

हे माझ्यासमोर आलं तेव्हा थिसिस सादर करायला अठरा दिवस उरले होते आणि पीएचडीचं सातवं वर्ष संपत आलं होतं. मी कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला, तोच ग्राफ पुन्हा काढला. कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिक होता, त्यानं पुन्हा तेच दाखवलं. मी सरांना, म्हणजे माझ्या गाईडना, बोलावलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." सात वर्षांत सर ज्या ज्या गोष्टीला इंटरेस्टिंग म्हणाले, त्या प्रत्येक गोष्टीनं माझे सहा महिने खाल्ले आहेत.

प्रयोग साधा होता. चोवीस पांढरे उंदीर. बारांना मॉर्फिन, बारांना नुसतं मिठाचं पाणी, म्हणजे तुलनेला. कुणाला काय मिळतंय हे मला कळू नये म्हणून सिरिंजवर फक्त आकडे होते, आणि कुठला आकडा कशाचा याची यादी बंद पाकिटात सरांच्या कपाटात होती. प्रत्येक उंदराच्या डोक्यात केसाएवढी काचेची तार बसवलेली. तिच्यातून मेंदूतल्या एका ठिपक्याएवढ्या जागेत डोपामिन, म्हणजे खुशीचं रसायन, किती सुटतंय ते मशीनवर दिसायचं. आठ महिने झाले, पाकीट उघडलं. मॉर्फिनच्या बारांचे आलेख डोंगरासारखे चढलेले. ते चढणारच होते. मिठाच्या पाण्याच्या बारांची रेघ सपाट हवी होती. तिथे टेकड्या होत्या. डोंगराच्या एक तृतीयांश उंचीच्या, गोल, व्यवस्थित टेकड्या. एखाद्याची असती तर समजू शकते. बाराच्या बारा.

मॉर्फिननं डोपामिन का चढतं, हे मी घरी एकदा जेवताना समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. नवऱ्याचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्याच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी नेहमीचे पेडल असतात आणि शेजारी नवऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. मी म्हटलं, डोपामिन सोडणारी पेशी म्हणजे शिकणारा माणूस. तिच्या शेजारी दुसरी पेशी बसलेली असते, तिचा पाय कायम ब्रेकवर. ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे मॉर्फिनच्या बसायच्या जागा, या ब्रेकवाल्या पेशीवर असतात. मॉर्फिन तिथे जाऊन बसलं की तिचा पाय उचलला जातो. ॲक्सिलरेटरला कुणी पाय लावलेला नसतो, तरी गाडी सुटते. आणि मॉर्फिनसारखंच काहीतरी मेंदू स्वतःही घरच्या घरी बनवतो, थोडं थोडं.

नवऱ्याला एका मिनिटात कळलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तू उंदरांना नशा करायला शिकवतेस."

"तसं नाही हो."

"मग कसं? सात वर्षं झाली. लोक विचारतात, सून काय करते. मी सांगते, दवाखान्यात आहे."

त्यांचंही बरोबर होतं. सात वर्षांत मी घराला दाखवण्यासारखं काही आणलेलं नव्हतं. आता कुठे एका कॉलेजात शिकवायची जागा कबूल झाली होती. तिथली अट एकच होती: पुढच्या एक तारखेला थिसिस सादर केल्याचा कागद टेबलावर हवा. मुदतवाढ मी दोनदा घेतलेली होती. विद्यापीठाच्या समितीनं तिसऱ्यांदा दिली असती, पण कॉलेज थांबणार नव्हतं. त्यांच्याकडे माझ्यामागे सव्वीस जण रांगेत होते, हे त्यांच्या क्लार्कनं मला फोनवर दोनदा ऐकवलं होतं.

सरांचा सल्ला सरळ होता. "पाच उंदरांच्या टेकड्या जास्त उंच आहेत. ते काढून टाक. तार सरकली म्हणून लिही. उरलेल्या सातांची सरासरी काढलीस की बऱ्यापैकी सपाट दिसेल."

"पण तार सरकलेली नाही."

"तार सरकली नाही हे तू तरी कुठे सिद्ध केलंयस?"

मी चार दिवस मागितले.

पहिले दोन दिवस वस्तूंवर संशय घेण्यात गेले. मिठाच्या पाण्याची बाटली बदलली. सिरिंज बदलल्या. सिरिंजमधून चुकून मॉर्फिनचा अंश जातोय का ते तपासून घेतलं. मशीनवाल्याला बोलावलं. तो दोन तास उशिरा आला, मशीनवर फुंकर मारली, "आता बघा," म्हणाला आणि निघून गेला. मी बघितलं. टेकड्या जागच्या जागी.

मग मला सुचलं ते खरं तर पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. ओपिऑइड रिसेप्टर बंद करणारं औषध असतं. ते दिलं की त्या रिसेप्टरवर काही बसूच शकत नाही, बाहेरून आलेलंही नाही आणि घरी बनलेलंही नाही. मिठाच्या पाण्याच्या सहा उंदरांना आधी ते दिलं आणि मग नेहमीचं मिठाचं पाणी. सहाही रेघा सपाट. टेकड्या पुसून टाकल्यासारख्या गेल्या.

म्हणजे मशीन निर्दोष होतं. उंदरांच्या मेंदूत खरोखर काहीतरी बनत होतं आणि ब्रेकवरचा पाय खरोखर उचलला जात होता. कशामुळे, ते देवाला ठाऊक. इंजेक्शन टोचून घेण्यात कुणाला मजा येते? माझं डोकं पिकलं. घरी नवरा म्हणाला, "उंदरांना विचार ना." मी त्याच्याशी रात्रभर बोलले नाही.

चौथ्या दिवशी काकांची दाढ दुखायला लागली.

काका म्हणजे आमच्या प्राणीघराचे मदतनीस. सव्वीस वर्षं तिथेच. दोन महिन्यांनी निवृत्त होणार. सगळे त्यांना काकाच म्हणतात, सरसुद्धा, आणि सर वयानं मोठे आहेत. मी पडद्याआड कॉम्प्युटरपाशी बसायचे. काका उंदीर शेजारच्या खोलीत न्यायचे, वजन करायचे, आकडा बघून सिरिंज टोचायचे आणि परत पेटीत आणून ठेवायचे. मग मी तासभर नोंद घ्यायचे. त्या दिवशी काका डॉक्टरकडे गेले आणि मिठाच्या पाण्याचे चार उंदीर मी स्वतः टोचले. पटापट, घड्याळ लावून, कारण मला कॉलेजला फोन करायचा होता.

चारही रेघा सपाट.

मी त्या चार रेघांकडे बघत बसले आणि मला सगळ्यांत आधी राग आला. उत्सुकता वगैरे नंतर. आठ महिने मी डोळ्यांत तेल घालून तापमान बघितलं, उजेड बघितला, खाणं ग्रॅममध्ये मोजलं. आणि या माणसानं माझ्या नाकाखाली काहीतरी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी प्राणीघरात जाऊन उभी राहिले. काका गालाला रुमाल लावून आले. मला बघून त्यांना नवल वाटलं. मी म्हटलं, तुमचं चालू द्या. त्यांनी पहिला उंदीर काढला. वजन केलं. टोचलं, पेटीत ठेवला. हा मॉर्फिनवाला होता. दुसरा काढला. वजन केलं, टोचलं. मग तो डाव्या हाताच्या कोपरात घेतला, शर्टाच्या घडीत, आणि उजव्या अंगठ्यानं त्याची मान खाजवायला लागले. हळू, एका लयीत. तोंडानं बारीक आवाजात काहीतरी चाललं होतं, "झालं हं, झालं, एवढंच असतं." उंदीर इतका सैल पडला की त्याचे मागचे पाय लोंबायला लागले. दोन मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बरोबर दोन मिनिटं. मग पेटीत.

"काका, हे काय चाललंय?"

"काय मॅडम?"

"खाजवताय का त्याला?"

"रोजचंच आहे हे."

"सगळ्यांना?"

"नाही. ज्यांना काही मिळत नाही त्यांना."

मला खुर्ची लागली. खुर्ची नव्हती, मी धान्याच्या पोत्यावर बसले. "कुणाला मिळतं आणि कुणाला नाही हे तुम्हाला काय माहीत? ते मलाही माहीत नव्हतं. पाकीट बंद होतं, काका. कपाटाला कुलूप होतं."

"त्यात काय माहीत नसायचंय?" काका म्हणाले. त्यांना माझ्या अज्ञानाचं मनापासून आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. "काही जण परत आले की आधी दगडासारखे पडून राहतात आणि मग पिंजराभर धावत सुटतात. दुसऱ्या दिवशी सिरिंज बघूनच पुढे येतात. बाकीचे नुसतेच टोचून परत येतात, कोपऱ्यात जाऊन बसतात. दोन दिवसांत कळतं."

लाखोंचं मशीन, आकडे, पाकीट, कुलूप. दोन दिवसांत कळतं. मी कपाळाला हात लावला.

"तुम्ही काय करून ठेवलंत ते तरी कळतंय का तुम्हाला?" माझा आवाज चढला. पिंजऱ्यांतली खुडबुड थांबली. "थांबा, दाखवते."

मी वर जाऊन ग्राफ छापून आणले. पोत्यावर पसरले आणि सात वर्षं सासूबाईंना जे नीट समजावता आलं नव्हतं ते काकांना संतापात, दहा वाक्यांत समजावलं. ही सपाट रेघ, काल मी टोचलं ती. ही टेकडी, तुम्ही टोचलंत ती. ही टेकडी म्हणजे त्याच्या डोक्यात सुटलेलं डोपामिन. तुम्ही मान खाजवलीत, त्यानं त्याच्या डोक्यात स्वतःचं मॉर्फिन बनवलं, त्यानं ब्रेक सुटला आणि ही टेकडी चढली. माझ्या आठ महिन्यांची माती झाली ती या टेकडीनं. एक तारखेला माझी नोकरी जाणार आहे ती या टेकडीमुळे.

काकांनी कागद उचलला. खिशातून चष्मा काढला. सपाट रेघ बघितली, मग टेकडी, मग पुन्हा सपाट रेघ. बोटानं टेकडी चढले आणि उतरले.

"ही माझी?" त्यांनी विचारलं.

"हो. तुमची."

मला वाटलं आता माफी मागतील. माफी ऐकून घ्यायची माझी तयारी होती, उलट मला ती हवीच होती.

"म्हणजे पोचत होतं," काका म्हणाले.

"काय?"

"सव्वीस वर्षं करतोय मॅडम. पोचतं की नाही, कधी कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्यांचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. मी आपलं करत राहायचो." त्यांनी कागद जपून माझ्याकडे परत दिला. "पोचत होतं."

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मी कागद गोळा केले आणि तिथून निघाले.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम. मग प्रश्नच मिटला. तुझी चूक नाही हे सिद्ध झालं. मदतनिसाने नियम मोडून जनावरं हाताळली असं समितीला लिही, सगळ्या तारखांसकट. मीही कॉलेजला पत्र देतो. अशा वेळी ते पंधरा-वीस दिवस थांबतात, मी बघितलंय. तेवढ्यात मिठाच्या पाण्याच्या नवीन बारा उंदरांवर एक छोटी फेरी उरक."

"आणि काका?"

"चौकशी होईल. दोन महिने दुसऱ्या विभागात बसतील. माणूस निवृत्तच होतोय."

चांगला मार्ग होता. सरळ आणि खरा. खोटं एक अक्षर लिहायचं नव्हतं. मी तारखा काढायला रोजच्या नोंदींचं रजिस्टर उघडलं.

रजिस्टरचे रकाने मीच आखले होते, पहिल्या दिवशी, आमच्याच लॅबमधल्या जुन्या थिसिसवरून उतरवून. तापमान. उजेड. खाणं. पाणी. वजन. आणि सहावा रकाना: हाताळणी, प्रत्येक जनावर, रोज दोन मिनिटं. जनावराला माणसाच्या हाताची सवय व्हावी, इंजेक्शनचा धसका बसू नये, म्हणून हे करायचंच असतं. सगळ्यांना सारखं. माझ्या मंजूर झालेल्या प्रयोगाच्या कागदावर तिसऱ्या पानावर हे लिहिलेलं आहे.

सहाव्या रकान्यात चोवीसच्या चोवीस उंदरांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. रोज. आठ महिने. निळ्या पेनानं, जरा डावीकडे झुकलेल्या. माझ्या खुणा तशाच असतात.

मी एकाही उंदराला दोन मिनिटं हातात घेतलेलं नव्हतं. दोन सेकंदही नाही. संध्याकाळी रजिस्टर पुढे ओढायचं आणि वरपासून खालपर्यंत सटासट खुणा करायच्या, हे मी इतक्या सवयीनं करत होते की तो रकाना कशाचा आहे हेही विसरून गेले होते.

मी खाली गेले. काका पिंजरे धूत होते.

"काका, हाताळायचं म्हणून कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुमच्याच कागदावर होतं ना. तिसऱ्या पानावर." त्यांनी नळ बंद केला. "तुम्हाला वेळ नव्हता. थोडे दिवस वाट बघितली. मग म्हटलं आपण करावं. पण चोवीसांची झाली अठ्ठेचाळीस मिनिटं, मला बाकीचीही प्राणीघरं आहेत. विचारलं होतं मी तुम्हाला. दारात उभा राहून. म्हटलं चोवीस जमत नाहीत, बारांचं करतो, चालेल का."

"आणि मी काय म्हटलं?"

"फोनवर होतात. मान हलवलीत."

मला ते आठवत नव्हतं. पण ते खोटं बोलत नव्हते हे मला पक्कं माहीत होतं, कारण गेल्या सात वर्षांत दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाकडे बघून मी तशीच मान हलवलेली आहे. नवऱ्याकडे बघूनसुद्धा.

"मग बारा निवडायचे तर कुठले," काका म्हणाले. "ज्यांना नुसतंच टोचून घ्यावं लागतं, तेच घेतले. चुकलं असेल तर सांगा, मी लिहून देतो."

"तुम्ही काही लिहू नका," मी म्हटलं. हे मी ओरडूनच म्हटलं. का ओरडले कोण जाणे.

वर येऊन मी समितीला पत्र लिहिलं. लिहायला सहा मिनिटं लागली. कंट्रोल गटातल्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या, बारा जनावरांना रोज हाताळलं गेलं, दुसऱ्या बारांना हाताळलं गेलं नाही, त्यामुळे तुलना ग्राह्य नाही. चोवीसही जनावरांना हाताळण्याची जबाबदारी माझी होती. रजिस्टरमधल्या हाताळणीच्या खुणा माझ्या आहेत आणि त्या खोट्या आहेत. चोवीस नवीन जनावरांसह पूर्ण प्रयोग पुन्हा करण्याची परवानगी मिळावी.

सरांनी पत्र वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. "खुणांचं कशाला लिहितेस? रजिस्टर कोण उघडून बघतंय?"

"मी बघितलं."

"पूर्ण प्रयोग म्हणजे आठ महिने. एक तारखेचं काय?"

"माहीत आहे, सर."

"आणि हा खोट्या खुणांचा डाग पुढे तुझ्या नावावर राहणार. मूर्खपणा आहे हा. मदतनिसाला वाचवायला इतकं?"

"त्यांना वाचवायला नाही," मी म्हटलं. मला खरंच कंटाळा आला होता, सरांचा, उंदरांचा, स्वतःचा. "त्यांनी माझं काम केलं. अर्धं. मी तेवढंही केलं नाही. दुसरं काय लिहू?"

सरांनी सही केली. या वेळी ते इंटरेस्टिंग म्हणाले नाहीत.

मग कॉलेजला फोन लावला. तोच क्लार्क.

"मी एक तारखेला कागद देऊ शकत नाही," मी म्हटलं. "जागा सोडते आहे."

"बरं." कीबोर्डचा आवाज आला. "कारण?"

"मी माझं काम केलं नव्हतं आणि केलं म्हणून लिहिलं होतं."

कीबोर्ड थांबला. तो म्हणाला, "मॅडम, असं लिहिता येत नाही. इथे यादी आहे. आजारपण, स्थलांतर, दुसरी नोकरी, वैयक्तिक. मी वैयक्तिक टाकतो."

"नका टाकू."

"अहो, पण मी सांगतोय ना, तसा पर्यायच नाहीये."

"मग कागदावर लिहा. हातानं. मी सांगते तसं."

"मागे दोन फोन थांबलेत, मॅडम."

"थांबू देत," मी म्हटलं. "मीही थांबते. तुम्ही पेन घ्या."